जुन्या .३२ रिव्हॉल्व्हरला लेसरची मूठ बसवावी का, आणि बसवायची तर कोणती?

बेदाणा व्यापारी, तासगाव

सर्वांना नमस्कार. माझा बेदाण्याचा व्यापार आहे. सौद्यांच्या हंगामात सांगलीहून निघायला उशीर होतो, कवलापूरच्या पुढचा रस्ता अंधारातच कापावा लागतो आणि पुष्कळदा सोबत रक्कम असते. त्या कारणासाठी आमच्या घरात वडिलांच्या काळापासून शस्त्र परवाना आहे. वडिलांच्या पश्चात त्यांचे रिव्हॉल्व्हर रीतसर माझ्या परवान्यावर आले. ते स्मिथ अँड वेसनचे, .३२ लाँग काडतुसाचे, सहा गोळ्यांचे आणि तीन इंची नळीचे जुने रिव्हॉल्व्हर आहे. परवानाधारक कारागिराकडून त्याची तपासणी झालेली आहे आणि यंत्रात काही दोष नाही.

अडचण माझ्या डोळ्यांची आहे. पन्नाशी ओलांडल्यापासून नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरण्याची उभी खूण, मला पुसट दिसते. चष्म्याच्या वरच्या भागातून लांबचे लक्ष्य स्पष्ट दिसते, पण माशी दिसेनाशी होते. खालच्या भागातून माशी पाहायला जावे तर मान मागे कलते आणि लक्ष्य धूसर होते. दिवसा, सरावाच्या जागी, वेळ घेऊन मी हे कसेबसे जमवतो. तिन्हीसांजेच्या उजेडात ते मुळीच जमत नाही, आणि ज्या प्रसंगासाठी हे शस्त्र बाळगले आहे तो आलाच तर अशाच उजेडात येण्याची शक्यता अधिक.

माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याने सुचवले की तिकडे रिव्हॉल्व्हरच्या मुठीतच लेसर बसवलेला मिळतो. मूठ आवळली की ठिपका लक्ष्यावर पडतो आणि माशी पाहण्याची गरज राहत नाही. पुढच्या सुट्टीत येताना तो अशी एक मूठ घेऊन यायला तयार आहे. त्याला होकार देण्यापूर्वी मला जाणकारांचे मत हवे आहे. ठिपका लाल घ्यावा की हिरवा? मूठ आखूड घ्यावी की तिन्ही बोटे मावतील अशी लांब? मी रिव्हॉल्व्हर कमरेला, सदऱ्याच्या आत ठेवतो, तेव्हा मूठ जाड झाल्यास ती अडेल का? सध्याचे चामडी होल्स्टर चालेल का? परदेशातून आणलेली अशी वस्तू परवान्यावरच्या शस्त्राला लावणे कायद्याला धरून आहे का, हे मी शेवटी विचारत असलो तरी माझ्या मनात तोच प्रश्न पहिला आहे. शस्त्र बदलण्याचा मात्र माझा विचार नाही. ते वडिलांचे आहे आणि ते माझ्याकडेच राहावे अशी इच्छा आहे.

निवृत्त आर्मोरर (शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा), अपशिंगे, जि. सातारा

दादा, नमस्कार. लेसरचा विचार करण्याआधी आपल्या रिव्हॉल्व्हरची नेमकी ओळख पटवून घ्या, कारण बाजारातली तयार मूठ एका विशिष्ट सांगाड्यासाठी बनवलेली असते आणि आपल्या शस्त्राचा सांगाडा तोच आहे असे गृहीत धरता येत नाही. स्मिथ अँड वेसनची .३२ ची लहान रिव्हॉल्व्हरे १९६० च्या सुमारापर्यंत आय-फ्रेम या सांगाड्यावर बनत असत. त्यानंतर ती किंचित मोठ्या जे-फ्रेमवर बनू लागली. लेसरच्या ज्या मुठी आपल्या भाच्याने पाहिल्या असतील त्या जवळजवळ निश्चितपणे जे-फ्रेमच्या असणार. कंपनीने १९५७ पासून शस्त्रावर मॉडेल क्रमांक छापायला सुरुवात केली. रिव्हॉल्व्हर रिकामे करून, सिलिंडर बाहेर काढून, तो ज्या दांड्यावर फिरतो त्याच्या आतल्या बाजूला सांगाड्यावर पाहा. तेथे क्रमांक नसेल तर शस्त्र त्याहून जुने आहे. ३० हा आकडा असेल तर त्यापुढे आडव्या रेघेनंतर १ आहे का ते पाहा. ३०-१ हे जे-फ्रेमवरचे असते. मग लाकडी मूठ काढून आतल्या लोखंडाचा बुडाचा भाग पाहा. तो गोल असेल तर गोल बुडाची मूठ बसेल, चौकोनी असेल तर ती बसणार नाही. घासून, कापून किंवा भोक पाडून बसवण्याचा प्रयत्न कोणी सुचवला तर त्याला नकार द्या. जुन्या सांगाड्याला एकदा कानस लागली की ते मूळ रूपात परत येत नाही.

बुडाकडे पाहत आहात तेव्हाच आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. या कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांवर शस्त्राचा क्रमांक मुठीच्या बुडालाच ठोकलेला असतो. आपल्या परवान्यावर जो क्रमांक आहे तो हाच. बूड झाकणारी मूठ बसवली तर हा क्रमांक झाकला जातो, आणि नूतनीकरणाच्या वेळी किंवा पोलीस ठाण्यात पडताळणी होते तेव्हा तेथेच स्क्रू सोडवून तो दाखवावा लागतो. म्हणून बूड उघडे ठेवणारी मूठ मिळत असेल तर तिला प्राधान्य द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हा मुद्दा परदेशातले विक्रेते सांगत नाहीत, कारण त्यांच्या ग्राहकाला त्याची गरज पडत नाही.

आता मुठीविषयी. लेसर बाजूला ठेवून आधी तिची केवळ मूठ म्हणून परीक्षा करा. दुहेरी क्रियेत, म्हणजे घोडा आधी न चढवता, चाप ओढायला या जातीच्या रिव्हॉल्व्हरला साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो. एवढा जोर नळी न हलवता लावायचा तर हात वर, सांगाड्याच्या खांद्याशी घट्ट बसला पाहिजे आणि तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोचले पाहिजे. काही मुठी सांगाड्याच्या मागच्या पट्टीवरून रबराचे आवरण घालतात. त्यामुळे धक्का कमी जाणवतो. जास्त ताकदीच्या काडतुसाला त्याचा उपयोग आहे. आपल्या .३२ लाँगचा धक्का मुळातच सौम्य आहे, त्यामुळे त्या रबराचा लाभ थोडा आणि तोटा मोठा : तळहात आणि चाप यांतले अंतर वाढते, बोट आखूड पडते, आणि आखूड पडलेले बोट चाप सरळ मागे न खेचता तिरका खेचते. आपला हात मोठा असेल तरच अशी मूठ घ्यावी. मागची पट्टी उघडी ठेवणारी, दोन बाजूंना दोन फाळके अशी सडपातळ मूठ बहुतेक आपल्याकडच्या हातांना बरी पडते.

लांबीचे म्हणाल तर तिन्ही बोटांना आधार मिळाल्यास पकड नक्कीच भक्कम होते, परंतु कमरेला सदऱ्याच्या आत ठेवलेले शस्त्र बाहेरून दिसते ते मुठीच्या टोकामुळे, नळीमुळे नव्हे. करंगळी बुडाखाली दुमडून चाप ओढायचा सराव केला तर आखूड मुठीवरही चांगला ताबा येतो. मी आपल्या जागी असतो तर आखूडच घेतली असती.

लेसरचा डोळा या मुठींमध्ये बहुधा उजव्या फाळक्याच्या वरच्या टोकाला असतो. त्यामुळे उजव्या हाताचा माणूस तर्जनी चापापासून दूर, सांगाड्यालगत सरळ ठेवतो तेव्हा तेच बोट किरणाच्या आड येऊ शकते. बोट थोडे वर किंवा खाली ठेवण्याची सवय लावून हे टळते. पण ठिपका दिसावा म्हणून बोट चापाच्या कड्यात नेऊन ठेवण्याची सवय कोणी लावून घेऊ नये. ठिपका दिसला नाही तरी चालेल. बोट बाहेरच राहिले पाहिजे.

मूळ कराडचा, सध्या ॲरिझोना

नमस्कार. मी अनेक वर्षे येथे स्थायिक आहे आणि जे-फ्रेमचेच लहान रिव्हॉल्व्हर जवळ बाळगतो, त्यावर लेसरची मूठ आहे, म्हणून वापरातल्या काही गोष्टी सांगतो. या प्रकारात सर्वाधिक परिचित नाव क्रिमसन ट्रेस या कंपनीचे आहे. ती १९९४ मध्ये ऑरेगनमध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये स्मिथ अँड वेसनने ती विकत घेतली. तिच्या मुठींत पुढच्या बाजूला, मधल्या बोटाखाली, एक दाबाचे बटण असते. शस्त्र नेहमीसारखे धरले की लेसर सुरू होतो, पकड सैल केली की बंद होतो. वेगळे काही करण्याची आठवण ठेवावी लागत नाही. नळीखाली अडकवण्याच्या लेसरपेक्षा ही रचना मला अधिक पसंत आहे, कारण पुढच्या भागात काहीच वाढत नसल्याने बहुतेक जुनी होल्स्टरे चालतात. आपले होल्स्टर जर मुठीच्या वरच्या टोकापर्यंत चामडे घेणारे असेल तर तेवढा भाग लेसरच्या डोळ्याला घासेल, एवढेच पाहून घ्या.

लाल आणि हिरवा यांत फरक फक्त रंगाचा नाही. माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. हिरवे लेसर ५१५ ते ५३२ च्या दरम्यान, म्हणजे त्या शिखराच्या जवळ, आणि लाल लेसर ६३३ ते ६५० च्या आसपास, म्हणजे शिखरापासून बरेच लांब असतात. त्यामुळे दोघांची शक्ती सारखीच, ५ मिलिवॉटच्या आत असली तरी हिरवा ठिपका डोळ्याला कितीतरी ठळक वाटतो. येथल्या भर उन्हात लाल ठिपका काही पावलांवरच हरवतो. सांगलीच्या एप्रिलमधल्या दुपारीही तेच होईल. हिरवा थोडा पुढेपर्यंत साथ देतो, पण माध्यान्हीच्या उन्हात त्याच्यावरही विसंबता येत नाही. उलट बाजू अशी की हिरव्याला बॅटरी अधिक लागते, तो महाग असतो, आणि त्याच्या काही मुठी लाल लेसरच्या मुठीपेक्षा जाड असतात. लाल लेसरच्या मुठीत २०३२ जातीचे दोन नाणेवजा सेल असतात आणि ते सलग सुमारे चार तास चालतात. दाबल्यावरच जळत असल्याने हे चार तास पुष्कळ पुरतात, तरी वर्षातून एकदा, सणाचा दिवस ठरवून, सेल बदलून टाकावेत.

आपली गरज तिन्हीसांजेची आणि रात्रीची आहे, उन्हातली नाही. त्या उजेडात लाल ठिपका पुरेसा ठळक असतो. डोळ्याला लाल रंग नीट दिसत असेल तर पातळ मूठ आणि जास्त टिकणारे सेल यांच्या बाजूने मी कौल देईन. धुके, धूर किंवा धूळ असेल तर किरणाची रेघ हवेत दिसते आणि ती दोन्ही टोके, म्हणजे लक्ष्य आणि आपली स्वतःची जागा, दाखवते, हेही लक्षात असावे. मार्केट यार्डात हळदीची धूळ उडते तेव्हा याचा प्रत्यय सहज येईल.

रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी पिस्तुलात नसते. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून प्रत्येक बाराला ज्वाळा आणि काजळी बाजूला फेकली जाते, आणि तिचा थर लेसरच्या काचेवर बसतो. सरावानंतर कानात घालतात तशा कापसाच्या काडीने, थोडे स्पिरिट लावून काच पुसली नाही तर ठिपका हळूहळू पसरट आणि फिका होतो. लोकांना वाटते की लेसर बिघडला. तो फक्त मळलेला असतो. आणि रबरी मूठ सुती कापडाला धरते. सदऱ्याच्या आत बाळगणाऱ्याने गुळगुळीत, कडक प्लास्टिकची मूठ पाहावी.

चष्म्याचे दुकान, मिरज

वरील दोन्ही उत्तरे वाचली. मला शस्त्रांतले फारसे कळत नाही, परंतु प्रश्नकर्त्यांनी लिहिलेली तक्रार माझ्या रोजच्या कामातली आहे, आणि लेसरवर खर्च करण्यापूर्वी तिचा विचार व्हावा असे मनापासून वाटते.

चाळिशीनंतर डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळच्या वस्तूवर नजर जुळवता येत नाही. आपला दुहेरी चष्मा दोनच अंतरांसाठी बनवलेला आहे : वरचा भाग लांबसाठी आणि खालचा वाचनासाठी, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटरसाठी. हात लांब केल्यावर माशी डोळ्यापासून साधारण ६५ ते ७० सेंटिमीटरवर असते. हे अंतर दोन्ही भागांच्या मधे पडते, त्यामुळे कोणत्याच भागातून ती नीट दिसत नाही. संगणकावर काम करणाऱ्यांची तक्रार अगदी हीच असते. उपायही तोच आहे : लांबच्या नंबरात मधल्या अंतरापुरती भर घालून केलेला एकेरी चष्मा. लक्ष्य किंचित मऊ दिसेल, पण माशी रेखीव होईल, आणि नेम धरताना माशी रेखीव असणे अधिक महत्त्वाचे आहे असे रायफल क्लबमध्ये जाणारी मुले मला सांगतात. रिकाम्या हाताने नेम धरल्याची स्थिती घेऊन माशी जेथे येईल तेवढे अंतर घरच्यांकडून टेपने मोजून आणा. नंबर काढणाऱ्याला ते अंतर सांगितले की काम अचूक होते.

अर्थात हा चष्मा सरावाचा झाला. अचानक प्रसंग येतो तेव्हा माणूस डोळ्यावर असेल त्याच चष्म्यात असतो. त्या वेळी नजर लक्ष्यावरून न हलवता ठिपका दिसणे, दोन्ही डोळे उघडे राहणे, हा लेसरचा खरा फायदा आहे आणि तो मी नाकारत नाही. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर रात्री ठिपक्याभोवती झगमग पसरते, म्हणून आधी डोळ्यांची पूर्ण तपासणी करून घ्या. लाल-हिरव्या रंगांची गल्लत होते का तेही त्याच वेळी पाहून घ्यावे. हा दोष स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो, आणि त्याच्या एका प्रकारात लाल प्रकाश मुळातच मंद दिसतो. तसे असेल तर लाल की हिरवा हा प्रश्न तेथेच सुटतो.

एक विनंती अगदी कळकळीने करतो. ५ मिलिवॉटचा किरण थेट डोळ्यात गेल्यास दृष्टिपटलाला इजा होऊ शकते, आणि पापणी मिटण्याची प्रतिक्रिया दर वेळी पुरेशी ठरतेच असे नाही. आरसा, स्टीलची भांडी, कपाटाची काच यांवरून तो परावर्तित होतो. घरात लहान मुले असतील तर सेल काढलेली मूठसुद्धा त्यांच्या हाती लागता कामा नये.

कोरेगावहून एक परवानाधारक

माझ्याकडे कानपूरच्या आयुधनिर्माणीचे .३२ आहे, मधून मोडून उघडणारे. त्याला ही मूठ बसेल का?

निवृत्त आर्मोरर, अपशिंगे

नाही. कानपूरचे ते रिव्हॉल्व्हर वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या पद्धतीच्या सांगाड्यावर आधारलेले आहे. त्याच्या मुठीचा बाक, स्क्रूची जागा आणि मागची पट्टी सगळेच वेगळे आहे. काडतूस एकच असले म्हणून मूठ एक होत नाही. २०२३ मध्ये आलेले ‘प्रबळ’ हे बाजूला सिलिंडर उघडणारे रिव्हॉल्व्हर पाहूनही अनेकांना वाटते की त्याला परदेशी मूठ चालेल, पण बाहेरून सारखे दिसणे आणि मोजमापात सारखे असणे यांत अंतर आहे. आपल्याला संध्याकाळी माशी दिसत नसेल तर तिच्या मागच्या बाजूला फिकट नारिंगी किंवा पांढऱ्या रंगाचा बारीक थेंब लावून घ्या. तो निघू शकतो, शस्त्रात कोणताही बदल होत नाही, आणि मिरजेच्या चष्मेवाल्यांनी सांगितलेल्या चष्म्याबरोबर त्याचा उपयोग चांगला होतो. प्रश्नकर्त्यांनीही लेसरचा निर्णय होईपर्यंत एवढे तरी करून पाहावे.

वकील, सातारा

प्रश्नकर्त्यांनी जो प्रश्न शेवटी विचारला त्याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मधील ‘शस्त्र’ या व्याख्येत शस्त्रांचे भागही समाविष्ट आहेत, आणि शस्त्रे देशात आणण्यासाठी कलम १० प्रमाणे परवाना लागतो. सीमाशुल्क अधिकाऱ्याने बॅगेत सापडलेल्या मुठीला शस्त्राचा भाग मानले तर भाच्यावर ते निस्तरण्याची वेळ विमानतळावर येईल, आणि ‘हे तर फक्त प्लास्टिक आहे’ हा युक्तिवाद तेथे उभ्याउभ्या करण्याजोगा नाही. दुसरी बाजू अमेरिकेची. बंदुकीसाठी बनवलेली लेसर लक्ष्यसाधने त्यांच्या निर्यात नियंत्रणाच्या यादीत आहेत. तेथल्या दुकानात कोणालाही मोकळेपणाने मिळणारी वस्तू देशाबाहेर नेताना मोकळी राहत नाही. तेव्हा भाच्याला आज कळवायचे ते एवढेच की त्याने काहीही विकत घेऊ नये आणि कोणाच्या सामानात काही पाठवू नये.

पुढचे पाऊल लेखी विचारणेचे आहे. आपले परवाना प्राधिकारी सांगलीचे जिल्हादंडाधिकारी आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत अर्ज द्या. त्यात शस्त्राचा प्रकार, बोअर (नळीचे माप), क्रमांक, परवान्याचा यूआयएन (विशिष्ट ओळखक्रमांक) आणि लावू इच्छित असलेल्या मुठीचे वर्णन छायाचित्रासह जोडा, आणि सांगाड्यात किंवा नळीत कोणताही बदल होणार नाही हे स्पष्ट लिहा. पोच घ्या. उत्तर लेखी आले तरच पुढे जा. परवाना शाखेतील कोणी तोंडी ‘लावा, काही होत नाही’ असे म्हटले तर त्याचा भविष्यात उपयोग शून्य आहे, कारण परवान्याच्या अटींचा भंग झाला असा प्रश्न उपस्थित झाल्यास कलम ३० आणि कलम १७ खाली उत्तर देणारे आपण असाल.

आर्मोरर काकांनी कानशीविषयी जे लिहिले त्याला कायद्याचाही आधार आहे. शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात बदल करण्याचा व्यवसाय कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय करता येत नाही. ओळखीच्या लेथवाल्याकडून काहीही करून घेऊ नये. ओळखक्रमांक खोडणे किंवा बदलणे हा कलम ८ मध्ये स्वतंत्र विषय आहे. मुठीखाली क्रमांक झाकला जाणे म्हणजे खोडणे नव्हे, तरीही तो लगेच दाखवता येण्याची सोय ठेवावी.

आणखी एका गैरसमजाविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण माझ्याकडे येणारे काही पक्षकार तो बोलून दाखवतात. ‘लाल ठिपका छातीवर दिसला की समोरचा पळून जातो, गोळी झाडावीच लागत नाही,’ असे समजून लेसर घेणाऱ्याने तो घेऊ नये. ठिपका कोणावर टाकणे म्हणजे भरलेले शस्त्र त्याच्यावर रोखणे. भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, खासगी संरक्षणाचा अधिकार कलम ३४ ते ४४ मध्ये दिलेला आहे आणि तो खऱ्या, समोर उभ्या ठाकलेल्या धोक्यापुरता आहे. पार्किंगच्या भांडणात किंवा बांधाच्या वादात ठिपका दाखवला तर तो कलम ३५१ खालील धाकदपटशा ठरू शकतो, आणि परवानाही जातो.

बेदाणा व्यापारी, तासगाव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भाच्याला काही न घेण्याविषयी कळवले आहे. रिव्हॉल्व्हर रिकामे करून पाहिले : सिलिंडरच्या दांड्याजवळ ३०-१ असा क्रमांक आहे, आतले बूड गोल आहे, आणि शस्त्राचा क्रमांक काकांनी सांगितला तसा बुडालाच आहे. हाताच्या मापाने पाहता मागची पट्टी झाकल्यास बोट चापावर जेमतेम पोचेल, म्हणून परवानगी मिळालीच तर मागे व खाली उघडी असलेली, आखूड, कडक प्लास्टिकची आणि लाल ठिपक्याची मूठ हवी, असे वर्णन अर्जात लिहीत आहे. मिरजेला डोळ्यांची तपासणीही ठरवली आहे.

दोन शंका राहिल्या. लेसर नळीच्या उजवीकडे आणि खाली असतो, मग गोळी आणि ठिपका एका जागी कसे येतात? आणि निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते तेव्हा मुठीचे काय करावे?

निवृत्त आर्मोरर, अपशिंगे

दादा, दोन्ही रेषा एका जागी एकाच अंतरावर येतात, सगळीकडे नव्हे. मुठीत दोन बारीक स्क्रू असतात. एकाने ठिपका आडवा सरकतो, दुसऱ्याने उभा. समजा लेसर नळीच्या मध्यापासून ३ सेंटिमीटर दूर आहे आणि आपण १० मीटरवर ठिपका व गोळी जुळवली. मग ५ मीटरवर ठिपका गोळीच्या दीड सेंटिमीटर एका बाजूला असेल आणि २० मीटरवर ३ सेंटिमीटर दुसऱ्या बाजूला. आत्मसंरक्षणाच्या अंतरात हा फरक नगण्य आहे, म्हणून १० मीटरवर जुळवून स्क्रूंना पुन्हा हात लावू नये. जुळवणी अधिकृत रेंजवर, टेकून, आणि जी काडतुसे आपण जवळ बाळगता त्याच काडतुसांनी करावी. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या काडतुसांनी जुळवून दुसरी भरली तर गोळीची जागा बदलते.

सरावाबद्दलही सांगतो. परवान्यावर काडतुसे मोजकी मिळतात, आणि येथेच लेसर सर्वाधिक उपयोगी पडतो. शस्त्र दोनदा तपासून रिकामे करा, खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा, सिलिंडरमध्ये डमी काडतुसे घाला आणि भक्कम भिंतीवरच्या कागदी खुणेवर ठिपका ठेवून सावकाश चाप ओढा. घोडा पडताना ठिपका ज्या दिशेने उडतो त्या दिशेने आपला हात शस्त्र ढकलत असतो. ठिपका थरथरणारच, तो स्थिर होण्याची वाट पाहत बसू नका, थरथर लहान वर्तुळात राहील एवढेच पाहा. हा सराव आठवड्यातून काही वेळा, थोडा थोडा करावा. त्याबरोबर ठिपक्याशिवाय, फक्त माशीवरही तेवढाच सराव ठेवा. सेल संपलेला असू शकतो, काचेवर काजळी असू शकते, आणि त्या क्षणी हाताला माशीची सवय असली पाहिजे.

शस्त्र जमा करताना लेसरची मूठ काढून मूळ लाकडी मूठ बसवा, सेल काढून ठेवा आणि पावतीवर शस्त्राचा क्रमांक तपासून घ्या. परत मिळाल्यावर मूठ पुन्हा बसवली की ठिपक्याची जागा किंचित हललेली असू शकते, तेव्हा रेंजवर जाऊन दोन-चार बार काढून खात्री केल्याशिवाय त्यावर विसंबू नका.